भोपळा लावला, अन् हाती भोपळाच आला!

पत्र : मी पाचगावात राहते. घरामागं वीस बाय पंधरा फुटांचं परडं आहे. मुलीनं ऑनलाइन मागवून बटरनट नावाच्या भोपळ्याच्या बिया पाठवल्या. पाकिटावर ‘विंटर स्क्वॉश’ लिहिलं होतं, म्हणून दिवाळी झाल्यावर मेथी-पावट्याबरोबर लावल्या. महिना-दीड महिना वेल जागचा हलेना. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून मूठभर युरिया टाकला. जानेवारीच्या शेवटी वेल असा सुटला की पेरूवर चढला. आता रोज दहा-पंधरा फुलं येतात आणि गळतात. चार-पाच फळं धरली, अंगठ्याएवढी झाली आणि पिवळी पडून गेली. पानांवर पांढरे डाग आहेत. दुकानातून फळमाशीचा सापळा आणला, त्यात माश्या ढीगभर मरतात, पण फळ काही राहत नाही. शेजारीण म्हणते वेल वांझ आहे, उपटून टाक. सासूबाई म्हणतात, आपलं डांगर (तांबडा भोपळा) लावायचं सोडून हे कुठलं खूळ आणलंस? वेल ठेवू की काढू? पुढच्या वेळी कधी लावू? आणि फळ आलंच तर पिकलेलं कसं ओळखायचं, किती दिवस टिकतं? भोपळा लावला आणि हाती भोपळाच आला, अशी गत झालीय.
— एक वाचक, पाचगाव, कोल्हापूर

ताई,

वेल उपटू नका. तो वांझबिंझ काही नाही. पत्रावरून तर मला तो चांगला दांडगा दिसतोय. त्याला फक्त रोज सकाळी कुणाची तरी मदत हवी आहे, आणि ते काम तुमच्या हातानं होण्यासारखं आहे. कसं ते सांगतो. पण आधी त्या पाकिटावरच्या नावाचा घोळ मिटवू, कारण तुमची निम्मी अडचण तिथंच सुरू झाली.

‘विंटर स्क्वॉश’मधला ‘विंटर’ पेरणीचा नाही, खाण्याचा आहे. नाव अमेरिकेतलं. तिथं ही बी थंडी पुरती सरल्यावर, मे महिन्याच्या सुमाराला टाकतात. वेल उन्हाळाभर वाढतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कडाक्याची थंडी पडायच्या आत फळं उतरवून घेतात. तोवर साल लाकडासारखी झालेली असते. मग ती फळं घरात ठेवून बर्फाच्या दिवसांत पुरवून पुरवून खायची. म्हणून विंटर. उलट साल मऊ असताना, कोवळं असतानाच जे खातात, झुकिनीसारखं, ते समर स्क्वॉश. आपल्या हिशेबानं पाहिलं तर एक दोडक्यासारखं लगेच कढईत जाणारं आणि दुसरं माळ्यावर चढणारं. दोन्ही लावायची मात्र उबेतच. गंमत म्हणजे ‘स्क्वॉश’ हा शब्द तिथल्या नॅरॅगॅन्सेट या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ ‘कच्चं खातात ते’ असा. तुमचं बटरनट कच्चं खायला गेलात तर दात दुखतील. म्हणजे नावातले दोन्ही शब्द फसवे.

थोडक्यात, ज्याला गारवा सोसत नाही ते पीक ऐन थंडीच्या तोंडावर जमिनीत गेलं. माती गार असली की हे बी रुजायलाच कुरकुरतं. कोल्हापूरची थंडी तशी बेताची, म्हणून रुजलं. पण डिसेंबरातल्या रात्रींनी त्याला जागच्या जागी बसवून ठेवलं. तो महिना-दीड महिना वेल आजारी नव्हता, ऊब यायची वाट बघत होता. जानेवारी सरता सरता दिवस तापायला लागले आणि तो आपणहून सुटला असता. त्याच वेळी युरिया पडला. नत्र जास्त झालं की भोपळ्याचा वेल पानांच्या आणि शेंड्यांच्या मागं लागतो, फळ धरायची घाई त्याला राहत नाही. फुलं येतात तीही नरच जास्त. काकांचा हेतू चांगलाच, पण आता युरिया बंद. जीवामृत घालत असाल तर तेही पंधरा दिवस थांबवा. चुलीची किंवा बंबाची राख असेल तर मूठभर आळ्याच्या कडेनं टाकून पाणी द्या. मूठभरच. आपल्याकडच्या काळ्या जमिनी आधीच खारवटपणाकडं झुकलेल्या असतात, तिथं राखेची टोपली ओतली तर उपकाराचा अपकार होईल.

आता मुख्य काम. उद्या सकाळी सहाला, चहाच्याही आधी परड्यात जा. भोपळ्याचं फूल उजाडताना उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दहाच्या पुढं गेलात तर दुकान बंद झालेलं असेल. तुम्ही बहुतेक घरातलं आवरून, डबे-बिबे करून मग परड्यात जात असणार, त्यामुळं तुम्हाला फुलं दिसतात ती मिटलेली, लोंबलेली. आणि वाटतं, सगळी गळतायत.

फूल ओळखताना तोंडाकडं बघू नका, मागून बघा. काही फुलांचा देठ बारीक, लांब, सरळ असतो. आत मधोमध एक पिवळी काडी असते. ती नर फुलं. ती एक दिवस उमलायची आणि गळायचीच, त्यात चिंतेचं काही नाही. काही फुलांच्या मागं, पाकळ्या जिथं देठाला मिळतात तिथं, एक इवलासा हिरवा भोपळा आधीपासूनच असतो. बटरनटचा तर हुबेहूब छोट्या सुरईसारखा. ती मादी फुलं. पहिले आठ-पंधरा दिवस वेलाला बहुतेक नर फुलंच येतात. बहुतेक भोपळावर्गीय वेलांची ही रीत आहे, आणि ‘वेल वांझ आहे’ हे निदान गल्लोगल्ली होतं ते याच पंधरवड्यात.

तुमच्याकडं चार-पाच फळं ‘धरली आणि गेली’ म्हणता, ती खरं तर धरलीच नव्हती. तो मागचा इवलासा भोपळा म्हणजे फळ नव्हे, फळाची जागा. नर फुलातली पूड मादी फुलापर्यंत पोचली तरच तो वाढतो; नाहीतर चार-पाच दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, मऊ होतो, गळतो. माझं म्हणणं पटत नसेल तर परीक्षा सोपी आहे. पिवळं पडू लागलेलं एक फळ घ्या आणि विळीवर उभं चिरा. आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर फळमाशी. आत स्वच्छ आणि बियांच्या जागी नुसत्या चपट्या खुणा असतील तर पूडच पोचलेली नाही. माझी पैज दुसऱ्यावर.

ही पूड वाऱ्यानं जात नाही, हे लक्षात घ्या. मक्याची किंवा उसाच्या तुऱ्याची गोष्ट वेगळी. भोपळ्याची पूड जड आणि चिकट असते, ती कुणाच्या तरी अंगाला लागूनच जाते. मधमाशी, भुंगा, लहान काळ्या माश्या हे त्याचे हमाल. एकदा येऊनही भागत नाही, त्याच सकाळी पुन्हा पुन्हा यावं लागतं. पूड अपुरी पडली तर फळ धरतं, पण एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला खोबणी, असं वाकडं. आजूबाजूला बांधकामं, परड्यांच्या जागी फरशा, आणि कुणी सकाळीच गुलाबाला औषध मारलेलं. माश्या येणार कुठून? शेजारी फवारत असतील तर त्यांना एवढंच सांगा की संध्याकाळी फवारा, तोवर फुलं मिटलेली असतात. तुमच्या कडेला दोन तुळशी आणि फुलावर गेलेली कोथिंबीर राहू द्या, ती उपटायची घाई करू नका.

माश्या येईपर्यंत त्यांचं काम तुम्ही करा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या सोलून टाका, नुसती काडी उरली पाहिजे. बोट लावून बघा, पिवळी पूड बोटाला लागली तर माल चांगला. मादी फुलाच्या आत मधोमध जाडसर, पाळ्यापाळ्यांचं बोंड असतं. त्यावर ही काडी सगळ्या बाजूंनी हळुवार फिरवा. घासू नका, टेकवत न्या. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा; रोज दहा-पंधरा येतायत, काटकसर कशाला? हे सगळं सहा ते आठच्या दरम्यान. मग देठाला रंगीत दोरा बांधा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. ही तारीख पुढं फळ काढताना उपयोगी पडेल. फळ धरलं असेल तर आठवड्याच्या आत फरक दिसतो. साल तुकतुकीत राहते, सुरई फुगायला लागते.

आदल्या संध्याकाळीच कळतं उद्या कोणतं फूल उमलणार ते. कळी फुगून टोकाला पिवळी दिसते. एखाद्या सकाळी मादी फूल उमललं आणि नर एकही नसलं, असंही होतं. मग शेजारणीकडं डांगराचा वेल असेल तर तिथलं नर फूल आणा. खुशाल चालतं. का चालतं ते सासूबाईंच्या मुद्द्याला येईन तेव्हा सांगतो.

आणि उरलेली नर फुलं वाया घालवू नका. आतली काडी काढा, मुंग्या झटका, डाळीच्या पिठात बुडवून तळा. एवढ्या फुलांची दोन माणसांपुरती भजी होते.

शेंडा खुडण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मोबाइलवर ‘थ्री जी कटिंग’चे, म्हणजे फांद्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत शेंडे खुडत जाण्याचे, व्हिडिओ बघून कधी ना कधी विचाराल, म्हणून सांगून टाकतो. मुख्य वेलाचा शेंडा एकदा खुडा, बगलफांद्या फुटू द्या, त्यांच्यावर मादी फुलं चांगली येतात. त्यापुढं नातवंडं-पतवंडं मोजत कात्री घेऊन बसायची गरज मला तरी कधी वाटली नाही. दोडक्या-दुधीला त्याचा फायदा होत असेल. भोपळ्याला पानं राहू द्यावीत, साखर तीच तयार करतात. शेतकरी कोवळ्या रोपांवर इथ्रेल नावाचं संजीवक फवारून मादी फुलं वाढवतात, पण घरच्या एक-दोन वेलांसाठी त्या भानगडीत पडू नका.

सापळ्याची गोष्ट वाचून मात्र मला हसू आलं. सापळ्यात माश्या ढीगभर मरतायत आणि फळाला उपयोग नाही, कारण तुम्ही बहुतेक पाहुण्यांना सोडून भलत्यांनाच जेवायला बोलावलं आहे. फळमाशा वेगवेगळ्या. आंब्या-पेरूवर येणारी वेगळी, भोपळा-कारलं-काकडीवर येणारी वेगळी. आंब्याच्या सापळ्यात मिथिल युजेनॉल नावाचं आमिष असतं. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला त्याचं काही सोयरसुतक नसतं, तिला क्यू-ल्युअर लागतं. दुकानात नुसतं ‘फळमाशीचा सापळा’ म्हणून मागितला की बहुधा आंब्याचाच हातात येतो. पाकिटावर नाव बघा. आहे तो फेकू नका, पेरूच्या फांदीला टांगून ठेवा, पेरूला लाभेल. वेलासाठी क्यू-ल्युअरचा वेगळा आणा.

पण सापळ्यावर विसंबू नका. दोन्ही आमिषांना नर माश्या येतात, आणि अंडी घालते ती मादी. घरच्या बागेत त्याहून पक्का उपाय म्हणजे फळाला टोपडं घालणं. हातानं पूड लावलेलं फळ वाढतंय असं दिसलं की जुन्या सुती ओढणीची किंवा वर्तमानपत्राची सैल पिशवी करून बांधा. साल कोवळी असते तेवढे पहिले दोन-तीन आठवडेच माशीला तिथं टोचता येतं. साल घट्ट झाली की पिशवी काढा. डंख लागलेलं, अळी पडलेलं फळ वेलाखाली किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही, कारण अळी मातीत शिरून कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच परड्यातून उठते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा.

पानांवरचे पांढरे डाग. बोटानं चोळून बघा. पिठासारखं बोटाला आलं तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. पुसलं गेलं नाही आणि डाग शिरांच्या कोपऱ्यांत नक्षीसारखे असतील, तर तो रोगच नाही; बटरनटच्या पानावर तशी रुपेरी नक्षी जन्मजात असते. आपल्या तांबड्या भोपळ्याच्या पानावरही बघा, बऱ्याचदा असते. नक्षीवर औषध मारणारे मी पाहिलेत. भुरीच निघाली तर जुनी, खालची पानं काढून टाका, वेल पेरूच्या गर्दीतून थोडा मोकळा करा, आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी मिसळून सकाळच्या उन्हात आठवड्यातून एकदा पानांवर मारा. मिटायला आलेल्या फुलांवर नको. गंधक वापरायचंच असेल तर फेब्रुवारीच्या पुढं उन्हाच्या भरात वापरू नका, वेलवर्गीय पानं करपतात.

दुपारी पानं माना टाकतात, त्यानं घाबरू नका. संध्याकाळी सावरली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही मलूल दिसली तर पाणी द्या, आणि आळ्यात द्या, पानांवर नको. आपल्याकडं उसाच्या पाचटाला तोटा नाही. आळ्याभोवती चार बोटं जाड पाचट पसरा, मार्च-एप्रिलात त्याची किंमत कळेल. वेल जमिनीवरून जातो तिथं एखाद-दुसऱ्या पेरावर ओंजळभर माती टाका. पेराला मुळं फुटतात आणि वेलाला दुसरं तोंड मिळतं.

फळं किती ठेवायची? तुमच्या वेलाची सुरुवात अडखळत झाली आहे, तेव्हा तीन धरली की पुढच्या मादी फुलांचा मोह सोडा. बटरनट किलो-दीड किलोच्या आसपास भरतं. पेरूवरच्या फांदीला लटकलं तर जुन्या साडीच्या पट्टीची झोळी करून खालून आधार द्या.

पुढच्या वेळचं. माझ्या मते कोल्हापुरात परड्यासाठी दोन मुहूर्त चांगले. एक जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. पाण्याची सोय असेल तर उत्तम, ऊब वाढत जाते आणि फळं पावसाच्या आत घरात येतात. म्हणजे आता उरलेल्या बियांतल्या दोन टाकल्यात तरी उशीर झालेला नाही. दुसरा गौरी-गणपतीच्या सुमाराचा. दीड-पावणेदोन महिन्यांनी फुलं येतात तोवर पाऊस ओसरलेला असतो, आणि आखूड दिवस, गारवा धरू लागलेल्या रात्री अशा हवेत मादी फुलं जास्त येतात. वेल तोवर मोठा झालेला असल्यामुळं गारवा त्याला सोसतो; तुमच्या वेलाला तो बाळपणी लागला, एवढाच फरक. जुनी पद्धत मृगात बी टाकायची. कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर वेल सोडायचा, म्हाळाच्या भाजीला कोवळं फळ आणि दसऱ्याच्या पुढं पक्कं. छपरावर ती जमत होती, कारण वेल पाण्यातून उचललेला असायचा. सपाट काळ्या जमिनीत मात्र आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात फुलात पाणी साचतं, पूड धुऊन जाते, माश्या घरी बसतात आणि खोड कुजतं. मी दोन वर्षं हट्टानं करून बघितलं. एका वर्षी अकरा वेलांत दोन फळं. मृगातच लावायचं असेल तर गुडघाभर उंचवटा करून त्यावर लावा.

खड्डा हातभर रुंद, हातभर खोल. त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत कालवून भरा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, आडवं टाका. जागच्या जागीच टाका. या वेलाला मुळांची हलवाहलव आवडत नाही. तीन बिया टाकून दांडगं एकच रोप ठेवा. दोन वेलांत सहा-सात फूट अंतर, म्हणजे तुमच्या परड्यात मेथी-पावटा सांभाळून तीन वेल पुष्कळ झाले. बी उगवून दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे येतात आणि दोन दिवसांत चाळण करतात. सकाळी दहिवर असताना पानांवर राखेची चिमूट भुरभुरायची आणि गारठलेले भुंगेरे हातानं वेचायचे. चार-पाच पानं झाली की वेल त्यांना पुरून उरतो.

आता पिकलं कसं ओळखायचं. इथं त्या दोऱ्याची तारीख कामाला येते. पूड लावल्यापासून साधारण पन्नास-पंचावन्न दिवस धरा, पण शेवटचा शब्द फळाचा. कोवळं बटरनट हिरवट पांढरं, चकचकीत असतं आणि देठाजवळ हिरव्या रेघा असतात. पिकलं की चकाकी जाते, रंग पिठीसाखर घातलेल्या बिस्किटासारखा मंद बदामी होतो, हिरव्या रेघा पुसल्या जातात, देठ वाळून बुचासारखा होतो. अंगठ्याचं नख सालीत रुतवून बघा. रुतलं तर थांबा. नुसती रेघ उमटली तर काढा. ओढून तोडू नका, कात्रीनं कापा आणि दोन-तीन इंच देठ फळाला राहू द्या. देठ निघालेलं फळ म्हणजे बूच नसलेली बाटली. तिथूनच कुजायला लागतं. देठाला धरून उचलूही नका.

काढल्यावर दहा-बारा दिवस हवेशीर, उबदार सावलीत, एकमेकांना न लागता पसरून ठेवा. साल आणखी घट्ट होते, बारीक ओरखडे सुकतात. आणि धुऊ नका! मी एकदा दसऱ्याच्या साफसफाईच्या उत्साहात आठ भोपळे घासूनपुसून, लखलखीत करून माळ्यावर मांडले होते. तीन आठवड्यांनी जेवताना ताटाशेजारी वरून काहीतरी टपकलं. त्यानंतर बरीच वर्षं भोपळ्याच्या साठवणीवर घरात माझं मत कुणी विचारलं नाही. माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स.

पूर्वी तुळईला शिंकाळ्यात भोपळे टांगलेले असायचे. नुसती जागा वाचवायला नव्हे. चारी बाजूंनी हवा लागते, उंदीर पोचत नाही आणि बूड ओलं राहत नाही. शिंकाळं नसेल तर फळीवर पाचटाचा किंवा पोत्याचा थर देऊन ठेवा. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मेमध्ये भट्टी होतो, तिथं नको. घरातली सगळ्यात गार, कोरडी खोली निवडा. आपल्या हवेत दोन-तीन महिने बटरनट आरामात टिकतं. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेलं आधी संपवा. आणि काढल्या काढल्या चिरू नका. नुकतं उतरवलेलं बटरनट पिठूळ, सपक लागतं. ठेवल्यावर त्यातल्या पिठाची साखर होत जाते. तीन-चार आठवड्यांनी तेच फळ गोड लागतं आणि जास्त केशरी दिसतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना सांगा, हे खूळ इंग्रजी नाही आणि आपल्या डांगराहून जास्त परकंही नाही. बटरनट आणि आपलं डांगर एकाच जातीची, सख्खी भावंडं आहेत, आणि दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. आपलं डांगर काही शतकं आधी आलं, एवढंच. म्हणून तर डांगराचं नर फूल बटरनटला चालतं. पण इथंच एक मेख आहे. यंदाच्या फळात त्यानं काही फरक पडत नाही, फळ बटरनटचंच होणार. मात्र त्यातलं बी पुढच्या वर्षी लावलंत तर काय निघेल ते देवालाच माहीत. ना धड सुरई, ना धड गरगरीत. बी धरायचं असेल तर एका वेलावर दोन्ही फुलांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवा, सकाळी सोडून पूड लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. पाकिटावर ‘वॉल्थम बटरनट’ लिहिलं असेल तर तो सरळ वाण आहे, 1970 मध्ये आलेला. त्याचं बी धरता येतं. संकरित असेल तर धरून उपयोग नाही.

दुधी, कारलं, काकडी शेजारी असली म्हणून काही बिघडत नाही. ‘शेजारी कारलं होतं म्हणून भोपळा कडू निघाला’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. ते खरं नाही, कारल्याशी भोपळ्याचा संकर होत नाही. कोहळाही वेगळा. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर फोडतात तो राखी-पांढरा कोहळा आणि हे डांगर, यांचं दिसण्यापुरतंच नातं. सासूबाईंच्या मनासारखं एक देशी डांगरही लावा. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का चंदन’ मिळालं तर बघा. दोन-तीन किलोचं फळ, केशरी गर, चार माणसांच्या घराला बेताचं. त्याच संस्थेचं ‘अर्का सूर्यमुखी’ किलोभराचं असतं आणि फळमाशीला सहसा दाद देत नाही. माती एकदा तपासून घ्यायची असेल तर कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, तुम्हाला जवळ आहे.

पहिलं बटरनट चिरलंत की घारगे करा, पण नेहमीच्या अंदाजानं नको. डांगराला शिजताना पाणी सुटतं तेवढं याला सुटत नाही, म्हणून कणीक हात राखून घाला आणि गूळही थोडा कमी. आणि घरी धरलेल्या बियांपासून, उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलापासून आलेलं फळ असेल तर शिजवायच्या आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर मीठ-मसाल्यानं झाकायला जाऊ नका, तो कडूपणा पोटाला बाधतो. अख्खं फळ खड्ड्यात पुरा, म्हशीच्या पाटीतही टाकू नका.